तारक की मारक? सीडींची बाजू कुठली?

वादविवाद स्पर्धेचा एक विषय कधीच जुना होत नाही. 'भांडवलशाही : तारक की मारक?' दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात चिठ्ठ्या टाकल्या जातात, कुणी अनुकूल बाजूला जातं, कुणी प्रतिकूल. मग एकीकडून टाटा, मोबाइल आणि स्वस्त डेटा. दुसरीकडून गिरणी कामगार, बेरोजगारी आणि मूठभरांच्या हातातली संपत्ती. घंटा वाजते, टाळ्या पडतात, विषय पुढच्या वर्षापर्यंत कपाटात जातो.

पण समजा, या वेळी आपल्या बाजूने साक्ष द्यायला रायगडच्या मातीतला एक माणूस बोलवायचं ठरलं, तर? अनुकूल बाजू म्हणेल, तो आमचा. प्रतिकूल बाजू म्हणेल, छे, आमचाच. आणि गंमत म्हणजे पुरावे दोघांकडेही असतील. १९५६ साली याच माणसाने अर्थमंत्री म्हणून देशातला सगळा खासगी आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतला. आणि १९६९ साली, इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केल्याला महिना पुरा व्हायच्या आत, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हाच माणूस स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा उमेदवार होता. स्वतंत्र पक्ष म्हणजे त्या काळातला खासगी उद्योगाचा सगळ्यात ठाम वकील!

रोह्यात शिकत असाल तर नाव एव्हाना ओळखलं असेल, तिथल्या कॉलेजच्या पाटीवर ते रोज दिसतं. डॉ. चिंतामणराव देशमुख. दिल्लीसाठी सी. डी. देशमुख. आपण त्यांना सीडी म्हणू.

कॉमर्सवाला नव्हे, सायन्सवाला

सीडींचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावातला. वडील वकील. बालपण रोह्यात गेलं, कुंडलिकेच्या काठी. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला नंबर आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज. तिथे घेतलेले विषय बघा : वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. १९१८ साली लंडनला आयसीएसची परीक्षा दिली, तिथेही पहिला नंबर. पुढची वीसेक वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सरकारी नोकरी. म्हणजे ज्याने पुढे देशाची तिजोरी सांभाळली, त्याची पदवी झाडाझुडपांची आणि दगडमातीची होती.

ज्या कुलाबा जिल्ह्यात ते वाढले, तिथे मालकीचा प्रश्न पुस्तकातला नव्हता, शेताच्या बांधावरचा होता. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं, खोतांची जमीन कसायची नाही. २५ गावं या संपात उतरली आणि तो सहा वर्षं चालला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. खोती म्हणजे कारखानदारी नव्हे, हे खरं. पण प्रश्न तोच होता : मालकी एकाची आणि घाम दुसऱ्याचा, तर पिकातला वाटा ठरवणार कोण?

याच जिल्ह्यात, पेणजवळच्या गागोद्यात, सीडींच्या चार महिने आधी विनोबा भावे जन्मले. १९५१मध्ये ते भूदान मागत पायी निघाले. मालकाचं मन बदललं तर कायद्याच्या दंडुक्याची गरज नाही, ही त्यांची वाट. नारायण नागूंची वाट संपाची. सीडींची वाट तिसरीच निघाली : कायदा, हिशेब आणि ताळेबंद. ऐकायला रुक्ष वाटते ना? पण घरातल्या पैशाला हात घालणारी हीच.

सही करणारा हात

१९३९ साली सीडी रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ला तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या काळच्या नोटा पाहायला मिळाल्या तर बघा, चित्र इंग्लंडच्या राजाचं आणि सही रोह्याच्या मुलाची.

आज ऐकून नवल वाटेल, पण तेव्हा रिझर्व्ह बँक स्वतःच खासगी भागधारकांची होती. पाच कोटींचं भांडवल, शेअर लोकांच्या हातात. १ जानेवारी १९४९ला ती सरकारी मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर सीडीच होते. शंभर रुपयांच्या शेअरमागे भागधारकाला ११८ रुपये १० आणे मिळाले. मालकी बदलली, पण मोबदला देऊन.

त्याआधीचा एक प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जुलै १९४४मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला जगभरचे अर्थतज्ज्ञ जमले. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांची पायाभरणी तिथे झाली. भारताच्या चमूत सीडी होते आणि त्यांच्यासोबत मुंबईचे अर्देशीर दाराबशा श्रॉफ, टाटांच्या वर्तुळातले. श्रॉफ हे त्याच वर्षी गाजलेल्या 'बॉम्बे प्लॅन'चे एक लेखक. जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा आठ जणांनी १५ वर्षांत १०,००० कोटी रुपये गुंतवायचा हा आराखडा मांडला होता. त्यात सरकारला मोठी जागा होती, कारण धरणं, वीज आणि अवजड कारखाने एकट्या खासगी पैशाने उभे राहणार नाहीत, हे या भांडवलदारांना कळत होतं. म्हणजे भांडवलशाहीच्या बाजूचे लोकही 'सरकार नकोच' असं म्हणत नव्हते. भांडण होतं ते सरकारने कुठे थांबायचं, यावर.

शंभर रुपयांत सत्तर सावकाराचे

१९५०मध्ये सीडी अर्थमंत्री झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले, म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांच्या पणजोबांनी त्यांना मत दिलेलं असू शकतं.

याच काळात रिझर्व्ह बँकेने खेड्यांतल्या कर्जाची मोठी पाहणी करवून घेतली. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला, सदस्यांत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. १९५४ला अहवाल आला. शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपयांच्या कर्जात जवळपास ७० रुपये सावकारांचे निघाले. सरकारचे ३.३०. सहकारी संस्थांचे ३.१०. आणि व्यापारी बँकांचा वाटा एक रुपयासुद्धा नाही.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. टीकाकार म्हणतो, बघा, बाजार जिथे नफा असतो तिथेच जातो, गरिबाच्या दारात येत नाही. समर्थक म्हणतो, बँकेने ठेवीदाराचा पैसा बुडीत कर्जात का घालावा? खेड्यात रस्ता नाही, गोदाम नाही, जमिनीची कागदपत्रं धड नाहीत. आधी ते करा, बँका आपोआप येतील. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. फक्त 'आपोआप' येईपर्यंत शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जायची थांबत नव्हती.

१ जुलै १९५५ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. नुसती पाटी बदलली नाही. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या, अशी अटच घातली गेली आणि स्टेट बँकेने ती पुरी करून वर काही जादा उघडल्या. बँकेचे पहिले अध्यक्ष कोण? जॉन मथाई. बॉम्बे प्लॅनवर सही करणारे आणि नियोजन आयोगाच्या मुद्द्यावर अर्थमंत्रिपद सोडलेले. त्यांच्याच जागी सीडी आले होते! कॅन्टीनमध्ये आपण भांडवलशाही आणि समाजवाद यांच्यात जेवढी मोठी भिंत घालतो, तेवढी तेव्हाही नव्हती.

दुसऱ्याच्या पैशावर शेठजी

आता येऊ विम्याकडे. आयुर्विमा म्हणजे काय? आज पोटाला चिमटा काढून हप्ता भरायचा, वीस-पंचवीस वर्षांनी परत मिळेल या भरवशावर. मधल्या काळात तो पैसा कंपनीकडे. कंपनी ज्याच्या मुठीत, तो त्या पैशाचा मालक नसतो, पण मालकासारखा वागू शकतो.

डिसेंबर १९५५मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत नेमकं हेच मांडलं. रामकृष्ण दालमियांच्या भारत इन्शुरन्स कंपनीतले दोन कोटींहून जास्त रुपये दुसरीकडे वळवल्याचं प्रकरण गाजलं आणि पुढे दालमियांना दोन वर्षांची कैद झाली. हा एकटाच मासा नव्हता. त्याआधीच्या दहाएक वर्षांत २५ विमा कंपन्या बुडाल्या होत्या, आणखी २५ जणांचा धंदा तोट्यात दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला होता.

१९ जानेवारी १९५६च्या संध्याकाळी सीडी रेडिओवर बोलले. वटहुकूम निघाला होता. कुणाला आधी चाहूल लागू दिली नव्हती, नाहीतर रातोरात पैसे हलले असते. छोट्यामोठ्या, देशी-विदेशी मिळून २४५ विमा संस्थांचा आयुर्विमा सरकारने हाती घेतला. १ सप्टेंबरला एलआयसी जन्माला आली. घरात बाबांची एलआयसीची पॉलिसी असेल, तर तिचं मूळ या संध्याकाळी आहे.

इथे ब्रेटन वुड्सचे ते सोबती आठवा. १९५६मध्येच श्रॉफ यांनी मुंबईत 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही संस्था काढली. खासगी उद्योगाची बाजू लोकांना समजावून सांगायची, हे तिचं काम. विम्याच्या बाबतीत या बाजूचं म्हणणं आजही वजनदार आहे. चोर पन्नास असतील तर पन्नासांना पकडा, बाकीच्यांची दुकानं का बंद करता? दोनशे कंपन्या असतील तर ग्राहक एक सोडून दुसरीकडे जाऊ शकतो. एकच उरली तर तो जाणार कुठे? आणि तिच्यावर देखरेख ठेवायची कुणी, ज्याची कंपनी त्यानेच?

सीडींनी मात्र सगळीच दुकानं बंद केली नव्हती, हे विसरू नका. त्याच १९५६ साली कंपनी कायदा लागू झाला. त्या काळी 'मॅनेजिंग एजन्सी' नावाची पद्धत होती : एक पेढी ढीगभर कंपन्यांचा कारभार बघायची आणि कमिशन खायची, कंपनीच्या भागधारकाला विचारतंय कोण? नव्या कायद्याने हे कमिशन निव्वळ नफ्याच्या दहा टक्क्यांवर रोखलं आणि एका एजन्सीकडे दहापेक्षा जास्त कंपन्या नकोत, अशी सीमा आखली. कारखाने खासगीच राहिले. फक्त छोट्या भागधारकाला हिशेब मागायचा हक्क मिळाला. म्हणजे एकाच वर्षात, एकाच मंत्र्याकडून दोन वेगळी औषधं.

मुंबई कोणाची?

विम्याचं भाषण झालं त्या आठवड्यात मुंबई पेटलेली होती. १६ जानेवारीला नेहरूंनी जाहीर केलं होतं, मुंबई महाराष्ट्रात नाही, केंद्राच्या ताब्यात राहील. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या.

या भांडणातही एक बाजू भांडवलाची होती. मुंबई वेगळी ठेवा म्हणणाऱ्यांत 'बॉम्बे सिटिझन्स कमिटी' पुढे होती आणि तिचे पुढारी होते पुरुषोत्तमदास ठाकुरदास, बॉम्बे प्लॅनवाले. त्यांचा युक्तिवाद असा की हे शहर पैसा लावणाऱ्या सगळ्या जातिधर्मांच्या, सगळ्या प्रांतांच्या लोकांनी उभं केलं. समोरून उत्तर यायचं : आणि गिरण्यांत राबलं कोण? कोकणातून बोटीने आलेला चाकरमानी, घाटावरून आलेला हमाल. शहर पैसा लावणाऱ्याचं की घाम गाळणाऱ्याचं? भांडवलशाहीवरचा सगळा वाद या एका प्रश्नात मावतो.

सीडींनी राजीनामा दिला. तो जुलैमध्ये मंजूर झाला आणि लोकसभेत त्यांनी गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी केली. एलआयसीचं दार उघडलं तेव्हा तिला जन्म देणारा अर्थमंत्री खुर्चीवर नव्हता.

मालक बदलला, मग?

एलआयसीला वर्षही झालं नव्हतं. जून १९५७मध्ये तिने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योजकाच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या घरातले शेअर उचलले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. त्या कंपन्यांची अवस्था काही बरी नव्हती. पैसा कुणाचा? पुन्हा पॉलिसीधारकाचाच. प्रकरण लोकसभेत काढलं कुणी? पुन्हा फिरोज गांधींनी! मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघडी चौकशी केली, गर्दी एवढी की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. १९५८च्या फेब्रुवारीत सीडींच्या जागी आलेले अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावं लागलं.

श्रॉफ यांच्या बाजूला याहून चांगला पुरावा कुठला मिळणार? पण नीट बघा. दालमिया प्रकरणात मालक खासगी, मुंदडा प्रकरणात मालक सरकार. दोन्हीकडे झोपला होता तो पहारेकरी. आणि दोन्ही वेळा त्याला हलवून जागं केलं ते भर सभागृहात उभं राहून हिशेब मागणाऱ्या एका खासदाराने.

मग १९६९चं काय?

मंत्रिपद सोडल्यावर सीडी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मधल्या काळात देश बदलत गेला. कारखाना काढायचा तर परवाना, यंत्र आणायचं तर परवाना. १९५९ साली राजाजी, मिनू मसानी वगैरेंनी स्वतंत्र पक्ष काढला तो याच परवानाराजच्या विरोधात. दहा वर्षांनी त्या पक्षाने आणि जनसंघाने राष्ट्रपतिपदासाठी सीडींचं नाव पुढे केलं. व्ही. व्ही. गिरी निवडून आले, नीलम संजीव रेड्डी दुसरे, सीडी तिसरे.

सीडींनी टोपी फिरवली का? असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या कामाची रांग लावून बघा. रिझर्व्ह बँकेची मालकी बदलली, ती भरपाई देऊन. इम्पीरियल बँक घेतली, ती शाखांची अट घालून. विमा घेतला, कारण तिथे हप्ता भरणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो हे कळायचा मार्ग नव्हता. कारखाने घेतले नाहीत, त्यांना कायदा लावला. आणि सरकारच्या हाती माणसं गेली, तेव्हा चौकशी मागितली. या रांगेत 'खासगी वाईट, सरकारी चांगलं' असं सूत्र सापडत नाही, उलटंही सापडत नाही. सापडतात ते तीन प्रश्न. पैसा कुणाचा? त्यावर लक्ष कुणाचं? आणि बुडाला तर भरणार कोण?

तेच प्रश्न, आपल्या किनाऱ्यावर

२ ऑक्टोबर १९८२ला सीडी हैदराबादला गेले. आदल्याच वर्षी कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला होता. त्यानंतर या किनाऱ्यावर जे घडलं, त्याला हे तीन प्रश्न लावून बघा.

उरण-पनवेलकडच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या त्या सिडकोने, म्हणजे सरकारी कंपनीने. भावावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं आणि १९८४च्या जानेवारीत जासईच्या परिसरात पाच शेतकरी गोळीबारात गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. पुढे रिलायन्सचा महामुंबई सेझ आला, म्हणजे खासगी. २१ सप्टेंबर २००८ला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. तो सेझ तिथे उभा राहिला नाही. आणि २०१०मध्ये पेण अर्बन बँकेतला गैरव्यवहार बाहेर आला, तेव्हा हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. ही बँक ना सरकारी, ना शेठजींची. सहकारी, म्हणजे कागदोपत्री सभासदांचीच!

सरकारी, खासगी, सहकारी. पाट्या तीन, अनुभव मात्र ओळखीचा. म्हणून भांडवलशाहीची बाजू मांडणाऱ्याने स्पर्धेबद्दल बोलताना ठेवीदाराचं काय, हे सांगायला हवं. आणि तिच्यावर टीका करणाऱ्याने मालकी सरकारला देताना सरकारवर नजर कोण ठेवणार, हे सांगायला हवं. दोघांपैकी जो हे टाळेल, त्याच्या भाषणाला टाळ्या मिळतील, पण आईच्या मुदत ठेवीचं उत्तर मिळणार नाही.

तुमच्यातल्या अनेकांनी मोबाइलवर डिमॅट खातं उघडलंच असेल. शंभर रुपयांची का होईना, एसआयपी सुरू असेल. कंपनीचा वार्षिक अहवाल मेलवर येतो आणि न वाचता डिलीट होतो. गावच्या पतसंस्थेची सर्वसाधारण सभा असते, चहा पिऊन सह्या करून लोक घरी येतात. पुढच्या वेळी एक काम करा. अहवाल उघडा, लेखापरीक्षकाचा शेरा शोधा, आणि सभेला गेलात तर हात वर करून एक प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो प्रश्न आणि ते न मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.